सरळ काढलेला ओहोळ

नोकरीसाठी गेले तेव्हा त्यांनी माझं सर्टिफिकेट बघितलंच नाही. ते टेबलावर उपडं ठेवलं आणि विचारलं, "तुमच्या माहेरच्या घराला उंबरे किती?"

मला वाटलं, माणूस टवाळी करतोय. मी रत्नागिरीच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता आणि लग्नानंतर नवऱ्यापाठोपाठ सिल्वासाला आले होते. नवरा सरकारी शाळेत गणित शिकवायचा. डोकमर्डीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्या दोन खोल्यांत दिवसभर बसून मला जीव नकोसा झाला होता. चर्चच्या मागच्या गल्लीत नकाशे काढून देणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना ट्रेसिंगला माणूस हवंय, असं कळल्यावर मी साडी बदलून जवळजवळ पळतच गेले होते. आणि तिथे हा प्रश्न. पण नोकरी हवी होती, म्हणून मोजायला लागले. ओटीवरून माजघरात एक, माजघरातून बाळंतिणीच्या खोलीत एक, मग स्वयंपाकघर, कोठीची खोली, न्हाणीघर, मागची पडवी, गोठा.

"सात," मी म्हटलं.

"आता पायाकडे बघा."

माझा उजवा पाय चपलेतून निघून जमिनीपासून दोन बोटं वर आलेला होता. दर उंबऱ्याला मी तो उचलत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

"म्हणजे सात हा आकडा तुमच्याकडे नव्हताच," ते म्हणाले. "तुम्ही आत्ता घरी जाऊन मोजून आलात. उद्यापासून या."

हे आमचे सर. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने किडकिडीत, आवाज मात्र मैदानावरच्या पीटीच्या मास्तरांचा. मूळचे वसईकडचे. धरणाच्या कामावर म्हणून इकडे आले, काम संपलं तरी परत गेले नाहीत. लग्न केलं नव्हतं. खानावळीत जेवायचे आणि तिथेही उत्तरेकडे तोंड करून बसायचे. दुसऱ्या दिशेला बसलं की बाहेरचं गाव डोक्यात फिरवून घ्यावं लागतं आणि त्यात डाळ गार होते, अशी त्यांची तक्रार होती. खानावळवाल्याने एकदा टेबलं हलवली तर हे आपली खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून जेवले.

त्या काळात सिल्वासात रोज कुठे ना कुठे एखाद्या कारखान्याचा पाया खणला जात होता. प्रत्येकाला जागेचा नकाशा लागायचा, त्यामुळे आम्हाला कामाला तोटा नव्हता. सर आणि सुकदेव जागेवर जाऊन मोजून यायचे. सर मोजणीच्या वहीवरून पेन्सिलने नकाशा काढायचे, मी तो ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायची, आणि मग अमोनियाच्या वासात डोळे चोळत आम्ही प्रिंट काढायचो. सुकदेव हा टेप धरणारा, नंदुरबारकडचा, साधारण माझ्याच वयाचा. तो आपल्या अहिराणीत बोलायचा, सर पुस्तकी मराठीत बोलायचे, गिऱ्हाईक गुजरातीत बोलायचं, आणि मोजणी तरीही बरोबर यायची.

सर कोणाला 'कसे आहात' असं विचारत नसत. "तुमच्या डोक्यात कसं आहे?" असं विचारत. नवीन माणूस बिचकायचा. सुकदेव समजावून सांगायचा, "घाबरू नका, रस्ता काढी द्या."

कारण सरांचा एक छंद होता. आलेल्या प्रत्येक माणसापुढे ते एक कोरा कागद सरकवायचे आणि म्हणायचे, यावर सिल्वासा काढा. विचार करू नका, कोणाला विचारू नका, जसं तुमच्या डोक्यात आहे तसं काढा. मग त्या कागदाच्या मागे माणसाचं नाव, तो काढताना कुठे अडला, काय बोलला, कुणाकडे बघितलं, हे सगळं बारीक अक्षरात लिहून फायलीत घालायचे. अशा अकरा फायली होत्या. जाड पुठ्ठ्याच्या, लाल नाडीच्या. बाहेरच्याला वाटावं, केवढी महत्त्वाची कागदपत्रं आहेत.

आणि काय एकेक नमुने होते त्यात! खडोलीच्या कारखान्यात कामाला असलेल्या धुळ्याच्या एका माणसाने कारखान्याचं गेट काढलं, आपली खोली काढली, बस स्टँड काढलं आणि तिथून एक लांबलचक रेघ मारून कागदाच्या टोकाला धुळं काढलं. धुळं आख्ख्या सिल्वासाच्या दुप्पट होतं. वापीहून येणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या सिल्वासात चारच जागा होत्या आणि चारी बार होते. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे बिचाऱ्याच्या डोक्यात दुसरं काही शिरायला सवड नव्हती. आमच्या शेजारच्या काकूंच्या नकाशात भाजीवाली नदीपेक्षा मोठी होती.

"यातला एकही चुकीचा नाही," सर म्हणायचे. "जमीन बाहेर असते. माणूस वावरतो तो आतल्या नकाशात. बाहेरचा मी मोजतो, आतला कोण मोजणार?"

ते स्वतःच मोजायचे. मला खुर्चीत बसवून म्हणायचे, "डोळे मिटा. बस स्टँडवरून निघा, किलवणी नाक्यावर पोचलात की बोट वर करा." मी बोट वर केलं की घड्याळ बघायचे. "आता पुन्हा स्टँडवर या. आता खानवेलला जा." खानवेल तिथून बरंच लांब, जंगलाच्या वाटेवर. मला बोट वर करायला वेळ लागायचा. मी डोळे उघडून म्हणायची, "सर, आठवायला काय वेळ लागतो? खानवेल म्हटलं की खानवेल." ते घड्याळ पुढे करायचे. नाक्याला तीन सेकंद, खानवेलला अकरा. सुकदेवलाही तसंच, पोस्टमनलाही तसंच. खुर्चीतून न उठता आम्ही सगळे रस्त्याने जात होतो, आणि लांबच्या गावाला जास्त वेळ लागत होता. याचा त्यांना झालेला आनंद मला तेव्हा वेडगळ वाटायचा. आता वाटत नाही.

कधी म्हणायचे, "झाड काढा." मी माड काढला. सुकदेवने बाभूळ काढली. खानवेलहून लाकडाच्या कामाला आलेल्या एकाने मोहाचं झाड काढलं आणि खाली पडलेली फुलंसुद्धा काढली. "मी फक्त झाड म्हटलं," सर हात चोळत म्हणायचे, "कोणतं ते म्हटलं नव्हतं. पण डोक्यात नुसतं झाड नावाचं झाड नाहीच. प्रत्येकाच्या आत एक आधीपासून लावलेलं आहे."

माझा नवरा संध्याकाळी शाळा सुटल्यावर मला न्यायला यायचा आणि दारातच वाद घालत उभा राहायचा. गणिताचा माणूस. एकदा तो म्हणाला, "सर, डोक्यात चित्रं असतात म्हणता. मग ती बघणारा कोण? आत दुसरा छोटा माणूस बसलाय का? आणि त्याच्या डोक्यातली चित्रं कोण बघतं?"

 दोन दिवस सरांनी कोणापुढे कागद सरकवला नाही. तिसऱ्या दिवशी नवरा आल्याबरोबर त्याचा हात धरून म्हणाले, "मास्तर, तुम्ही माझी झोप उडवलीत. फार उपकार झाले." असा माणूस. हरल्याबद्दल आभार मानणारा मी दुसरा बघितला नाही. गणपतीत मी माहेरी गेले आणि आधी उंबरे मोजले, तर आठ निघाले. देवघराचा उंबरा मी धरलाच नव्हता. आमच्याकडे देवघरात सोवळ्याने आजोबा जायचे, नंतर वडील जायला लागले. आम्ही मुली बाहेरून हात जोडायचो. परत आल्यावर हे सरांना सांगितलं तर त्यांनी सुकदेवला भजी आणायला पाठवलं. "ज्या उंबऱ्यावर पाय पडला नाही तो डोक्यात नाही," असं म्हणत ते खोलीत येरझाऱ्या घालत होते.

त्या अकरा फायलींतून त्यांनी एक गोष्ट शोधून काढली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. किलवणी नाक्यावर रस्ते जरा तिरके मिळतात. पण कागदावर जवळजवळ प्रत्येकाने ते काटकोनात काढले होते. दमणगंगा गावाजवळ चांगली वळणं घेते, लोकांनी ती पट्टीने आखल्यासारखी सरळ काढली होती. "डोकं आळशी आहे, बाई," ते मला सांगायचे. "त्याला वळणं सांभाळायचा कंटाळा येतो. ते सगळं सरळ करून ठेवतं, आणि वर आपल्याला सांगतं की मी पाहिलंय." हे सांगताना लोकांच्या नकाशांवर ते टिचकी मारायचे. हसायचेसुद्धा. मीही हसायची.

सरांची स्वतःची आठवण मात्र गावात प्रसिद्ध होती. दोन-तीन वर्षांपूर्वी मोजलेल्या जागेचा मालक आला की वही न काढता ते खडूने टेबलावर त्याची विहीर, त्याचं फाटक, त्याची आंब्याची कलमं मांडून दाखवायचे. लोक थक्क व्हायचे. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला मी गर्वच म्हणेन.

मग तो खडोलीचा शेट आला. वापीकडचा होता, प्लास्टिकच्या पाइपचा कारखाना काढणार होता. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला कायम घाई असायची. त्याची जागा सरांनी तीन वर्षांपूर्वी मोजली होती, तेव्हाच्या मालकासाठी, पण त्याने पुढे नकाशा काढून घेतलाच नव्हता. आता शेटला ताबडतोब नकाशा हवा होता. "साहेब, मशीन निकल गया है. सोमवारे मने प्लान आपी दो, बस."

कपाट उघडलं तर खालच्या खणातल्या वह्या वाळवीने खाल्लेल्या. खडोलीची वही हातात घेतली तर तिची मातीच झाली. नियमाने पुन्हा जाऊन मोजायला हवं होतं. पण त्या आठवड्यात आणखी तीन कामं अंगावर होती, आणि शेट समोर उभा होता. त्याने कोणाकडून तरी सरांच्या आठवणीबद्दल ऐकलं होतं. तो हात जोडून म्हणाला, "तमारा दिमागमां तो बधू होय छे ने?"

सरांनी डोळे मिटले. मिनिटभराने उघडले आणि पेन्सिल उचलली. रस्ता, फाटकाची जागा, उत्तरेची हद्द. पूर्वेची हद्द म्हणजे एक ओहोळ होता. ओहोळापलीकडे एका वारली बाईची जमीन. सरांनी वरपासून खालपर्यंत ओहोळ एका रेघेत ओढला. रस्त्याला तो काटकोनात मिळाला.

सुकदेव मागे उभा होता. तो म्हणाला, "सर, नाला सरळ नही शे. मधमा वाकडा शे."

"तू टेप धरत होतास. मी बघत होतो," सर म्हणाले.

मलाही तो काटकोन खटकला. मी म्हटलं, "सर, एकदा जाऊन मोजून येऊ या का?" त्यांनी हात झटकला. मग मी पुढे काय बोलणार? मी शाईचं पेन घेतलं आणि ट्रेसिंग काढलं.

पूर्वेच्या शेजाऱ्याची नकाशावर संमती लागत होती. शेट त्या बाईला जीपमधून घेऊन आला. जेठीबाई तिचं नाव. पंचेचाळीस-पन्नासची असेल, नवरा गेलेला, मुलगी सासरी. तिने नकाशाकडे बघितलं, मग सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "बरोबर आहे." तिने अंगठा उठवला.

दिवाळी झाली आणि एका सकाळी जेठीबाई आमच्या पायरीवर येऊन बसली. खडोलीहून चालत आली होती. आत ये म्हटलं तरी येईना.

"सायेब, माजा खला तारेत गेला," ती म्हणाली.

हळूहळू उलगडा झाला. ओहोळ मध्येच वळसा घेत होता. त्या वळशाच्या पोटात तिचं खळं होतं, भात झोडायची शेणाने सारवलेली जागा. सरांच्या नकाशात तो वळसाच नव्हता, त्यामुळे खळं ओहोळाच्या अलीकडे, म्हणजे शेटच्या बाजूला आलं होतं. शेटच्या माणसांनी नकाशाप्रमाणे खांब रोवले आणि काटेरी तार ओढली. ओहोळ तेव्हा कोरडा होता. वळसा म्हणजे त्यांना नुसता खड्डा वाटला, आणि आठ दिवसांत तो बुजवून तिथे भिंत येणार होती. जेठीबाईचं भात कापून शेतात पडलं होतं. झोडायला जागा नव्हती. तिने बोलून बघितलं तर तिला नकाशावरचा तिचाच अंगठा दाखवण्यात आला.

"माना चितर नाय समजत," ती म्हणाली. "तुमी बरोबर बोलला, म्हणून मी अंगठा दिला."

हे वाक्य तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती सांगत होती.

सरांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच होते. "मला ओहोळ सरळ दिसतोय," ते म्हणाले. "कडेला जांभळीची सावली पडलीये. मी तिथे उभा होतो. मला स्पष्ट दिसतंय." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

त्यांनी तिच्यापुढे कागद सरकवला. तिने पेन्सिल मुठीत धरली, एक ठिपका काढला आणि थांबली. तिच्या डोक्यात कागदावर उतरवण्यासारखं काही नव्हतंच. मग सरांना काय वाटलं कोण जाणे, ते माझ्या पायांकडे बघायला लागले. एकदम उठले आणि त्यांनी टेबल भिंतीला सरकवलं.

"बाई, हंडा कुठून भरतेस?"

"खालच्या झऱ्यावरून."

"समज, हा हंडा डोक्यावर आहे. झऱ्यावरून खळ्यावर जा. इथे, या खोलीत. चालून दाखव."

जेठीबाई आमच्याकडे बघून लाजली. मग उभी राहिली, एक हात वर धरला आणि चालायला लागली. खोली लहान होती, म्हणून भिंत आली की ती वळायची आणि पुढची पावलं मागे फिरून टाकायची, पण मोजणीत चुकत नव्हती. "आथां दगड," म्हणजे इथे दगड, असं म्हणून तिने पाय उंच उचलला. काही पावलांनी ती डावीकडे वळली, कमरेत वाकली आणि हंडा पाडायचा नाही अशा बेताने मान तिरकी केली. "जांभलीचा फांटा." पुन्हा चालली, पुन्हा डावीकडे वळली. "आता नाला माज्या उजव्या हाताला. अजून उजव्या हाताला. आता खला."

सुकदेव पावलं मोजत होता आणि मी कागदावर टिपत होते. तिने पावलं थांबवली तेव्हा माझ्या कागदावर ओहोळाचा वळसा उतरलेला होता, घोड्याच्या नालासारखा. लिहिता न येणाऱ्या बाईने आपल्या पायांनी आमच्या खोलीत तिची जमीन काढली होती. मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि सर मात्र डोळे विस्फारून बघत होते. एवढ्या अपमानातही त्या माणसाचं कुतूहल गेलं नव्हतं, हे मी विसरणार नाही.

त्याच दुपारी आम्ही टेप घेऊन खडोलीला गेलो. तिच्या पावलांत आणि टेपमध्ये एका पावलाचा फरक निघाला. जांभळीची फांदी अगदी तिने मान तिरकी केली त्या उंचीवर होती. सर त्या फांदीखाली जाऊन उभे राहिले.

"सुकदेव, त्या दिवशी मी इथे आलो होतो का?"

सुकदेव चपलेने माती उकरत म्हणाला, "नही सर. ऊन बहु होतं. तुम्ही जीपपाशीच होता. मी एकलाच आत आलो."

"पण मला जांभूळ दिसत होती."

"मी येऊन सांगेल होतं ना, जांभूळ शे म्हणून."

म्हणजे सुकदेवचे शब्द ऐकून सरांच्या डोक्याने आपणच एक चित्र रंगवलं होतं, त्यात सावली घातली होती, सरांना त्या सावलीत उभं केलं होतं, आणि ओहोळ सरळ केला होता. ज्या चुकीसाठी ते साऱ्या गावाच्या नकाशांना टिचक्या मारत होते तीच चूक. मी म्हटलं, "सर, होतं असं." ते म्हणाले, "होतं असं हे मलाच तर ठाऊक होतं, बाई."

शेट गडबडला. त्याने सरांना बाजूला घेतलं. "साहेब, कोई ने ना कहो. बाई माटे बीजी जग्याए सिमेंटनू खळू बनावी आपू. तमारू नाम रही जाय." बाईला दुसरीकडे सिमेंटचं खळं बांधून देतो, तुमचं नाव राहील, असं त्याचं म्हणणं. त्याच्या मनात कपट नव्हतं, त्याला खरंच सरांची काळजी वाटत होती. तिथल्या सगळ्या कारखानदारांचा सरांवर विश्वास होता, आणि आमचं काम त्या विश्वासावर चालत होतं.

सरांनी जेठीबाईला विचारलं. ती खळ्याकडे बोट करून म्हणाली, "माजे पाय आथां येतात." झालं. सर परत आले, कागद घेतला आणि लिहिलं की हा नकाशा मी जागेवर मोजणी न करता आठवणीवरून काढला, पूर्वेची हद्द चुकीची आहे, बाईचा अंगठा माझ्या शब्दावर घेतला गेला. खाली सही केली. एक प्रत शेटला दिली आणि एक नकाशा मंजूर झाला होता तिथे स्वतः नेऊन दिली. नवीन मोजणीचा नकाशा सोबत जोडला. चार दिवसांत तार वळशाच्या बाहेर गेली. शेटने भिंतही वळणाने बांधली. जेठीबाईने खळं पुन्हा सारवलं आणि भात झोडलं. नंतर ती नव्या तांदळाची पिशवी घेऊन आली. सरांनी ती घ्यायला नकार दिला, मी घेतली. उगाच तिला परत कशाला ओझं न्यायला लावायचं?

काम मात्र कमी झालं. आठवणीवर नकाशे काढणारा माणूस अशी सरांची ख्याती व्हायला दोन महिने पुरले. कारखानेवाले वापीचे ड्राफ्ट्समन आणायला लागले. सरांनी तो चुकीचा नकाशा काचेत घालून आपल्या टेबलासमोर टांगला. कोणी विचारलं तर म्हणायचे, "हा माझ्या डोक्यातला आहे. बारावी फाइल." त्यानंतर त्यांनी टेबलावर खडूने काही काढून दाखवल्याचं मला आठवत नाही.

मी मात्र ही गोष्ट पुष्कळांना सांगितली. आम्ही सिल्वासा सोडून रत्नागिरीला आलो तेव्हा सासरी सांगितली, नवऱ्याच्या नव्या शाळेत सांगितली. दर वेळी सांगायची, की मी त्यांना म्हटलं होतं, सर, एकदा जाऊन मोजून येऊ या का. निदान मी बोलले होते, याचं मला समाधान होतं. ते नसतं तर ती पायरीवर बसलेली जेठीबाई मला सोसवली नसती.

सर वसईला बहिणीकडे गेले आणि तिथेच वारले. नव्व्याण्णवमध्ये मी एका लग्नाला सिल्वासाला गेले तेव्हा जुनी गल्ली शोधली. आमच्या जागेत सुकदेवने झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. कानांवरचे केस पांढरे व्हायला लागले होते. मला बघून त्याने स्टूल पुसलं आणि विचारलं, "बाई, तुमच्या डोक्यात कसं शे?" आम्ही दोघं हसलो आणि मग दोघांनाही हसू आवरून घ्यावं लागलं.

जेठीबाईचं खळं अजून आहे, तो म्हणाला. आता तिची मुलगी झोडते. बोलता बोलता मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "आपण दोघांनी सांगितलं होतं सरांना, पण ऐकलं नाही."

सुकदेव चहा ओतत होता. त्याने किटली खाली ठेवली. "तुम्ही?" तो म्हणाला. "तुम्ही तर काही नही बोलल्या, बाई. तुम्ही पेनमा शाई भरत होत्या."

"नाही रे. मी म्हटलं, मोजून येऊ या का. त्यांनी हात झटकला."

तो वाद घालणारा माणूस नव्हता. त्याने कपाटावरून काचेची ती जुनी फ्रेम काढली, पुसली आणि मागचे खिळे सरकवून माझ्या हातात कागद दिला. समोर माझ्याच ट्रेसिंगच्या प्रिंटवरचा सरळ ओहोळ होता. मी कागद उलटा केला. सरांचं बारीक अक्षर.

"काढणारा: मी स्वतः. जागेवर न जाता. काढताना सुकदेव म्हणाला, नाला वाकडा आहे. मी ऐकलं नाही. बाई काही बोलल्या नाहीत. दोनदा माझ्याकडे बघितलं."

त्यांनी बघितलं होतं. मला शंका आली आहे हे त्यांना कळलं होतं, आणि मी ती गिळली हेही. पुढे सात वर्षं मी त्यांच्यासमोरच्या टेबलावर काम केलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांच्या देखत सांगितलं की मी बोलले होते, आणि त्यांनी एकदाही मला तो कागद उलटून दाखवला नाही. मला लाज वाटली. सुकदेवसमोर बसून मी रडले. तो म्हणाला, चहा घ्या.

तो कागद त्याने मला दिला. आता तो माझ्या खोलीत टांगलेला आहे, मागची बाजू पुढे करून. रोज वाचते. सरांनी लिहिलंय ते खरं आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पण डोळे मिटले की अमोनियाचा वास येतो, सर पेन्सिल खाली ठेवतात, आणि मला माझाच आवाज अगदी स्वच्छ ऐकू येतो, "सर, एकदा जाऊन मोजून येऊ या का?"